‘चौथी पाळी’चा खरा वेग

दामिनी गायल्याशिवाय पानं वाढायची नाहीत, हा त्या घरातला नियम होता. दामिनीला जाऊन अडतीस वर्षं झाली होती, तरी नियमात कोणी ढिलाई केली नव्हती. दर वर्षी तिच्या श्राद्धाला स्वयंपाक व्हायचा, गॅलरीत कावळ्याचं पान ठेवलं जायचं, कावळा आपल्या सवडीनं यायचा, आणि मग सगळे दिवाणखान्यात जमून ‘चौथी पाळी’ नावाच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ऐकायचे. आधी टेपरेकॉर्डरवर, मग सीडीवर, आता तिच्या मुलाच्या, उन्मेषच्या फोनवर. गाण्याला शब्द नव्हते. गिटार आणि सॅक्सोफोनची धावपळ चाललेली असताना मधूनच एका बाईचं गुणगुणणं यायचं, बारीक, चढं आणि घाईतलं. दामिनीची मुलगी अस्मिता डोळे पुसायची, उन्मेष मान खाली घालायचा, आणि मग सगळे जेवायला बसायचे.

यमुताई त्या वेळी स्वयंपाकघरात असायच्या. वडे तळायला कोणीतरी लागतंच, आणि स्वतःच्याच आवाजापुढे हात जोडून उभं राहणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

घरात हे दोघांनाच माहीत होतं, यमुताईंना आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दामिनीचे यजमान, केशवराव यांना. निदान यमुताईंची तशी समजूत होती. त्या दोघांनीही आजवर याविषयी एकमेकांशी एक अक्षर काढलं नव्हतं. एका घरात इतकी वर्षं राहून एक विषय टाळायचा तर बाकीचे विषय पुष्कळ लागतात, आणि नागपुरात उन्हाळा, शेजारी आणि भाजीचे भाव एवढं धरलं तरी ते पुरून उरतात.

यंदा मात्र श्राद्धाच्या दिवशीच प्रशिक येणार होता. प्रशिक म्हणजे बळीरामचा मुलगा, आणि बळीराम म्हणजे ‘फ्लाय ॲश’चा सॅक्सोफोन. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत केशवराव शिफ्ट इंजिनिअर होते तेव्हा त्यांनी, बळीरामनं आणि ढोलक-ड्रम दोन्ही बडवणाऱ्या गिरिधरनं मिळून हा बँड काढला होता आणि चिमणीतून उडणाऱ्या राखेचं नाव त्याला दिलं होतं. रात्रपाळीला रेडिओवर लागणारं जॅझ आणि खापा गावच्या भजनी मंडळाचा ठेका यांची त्यांनी गाठ घालून दिली होती. दोघांचं फारसं पटलं नाही, पण संसार एका कॅसेटपुरता टिकला. केंद्रात पाळ्या तीन, म्हणून बँडच्या कॅसेटचं नाव ‘चौथी पाळी’. ती विकली कोणालाच गेली नाही. नातेवाइकांनी प्रेमानं नेली आणि बहुतेकांनी तिच्यावर पुढे भजनं भरली.

आता बंगळुरूच्या कुठल्याशा संस्थेला या बँडचा शोध लागला होता. कोणी न ऐकलेली जुनी गाणी जमवून ती जगाला ऐकवायची, असं त्या संस्थेचं काम. प्रशिक स्वतः आवाजाच्या दुरुस्तीचंच काम करायचा. बळीराम मागच्या वर्षी गेले, आणि इंदोऱ्याचं घर आवरताना प्रशिकला कपाटावरच्या पेटीत मूळ टेपचं भलंमोठं चाक सापडलं होतं. ते साफसूफ करून तो आज सगळ्यांना ऐकवणार होता.

“आईच्या श्राद्धालाच योग आला,” उन्मेष सकाळपासून म्हणत होता. तो पुण्याला राहायचा आणि नागपुरात आला की पहिले दोन दिवस पुस्तकातलं मराठी बोलायचा. “मला तो दिवस स्पष्ट आठवतो. मी पाच वर्षांचा होतो. क्लबच्या हॉलमध्ये आई माइकपुढे उभी होती, लाल साडी, केसांत गजरा.”

यमुताईंनी पिठात मीठ घातलं. त्याच्या आठवणीत साडी गेली अनेक वर्षं होती. गजरा यंदा आला होता.

त्या दिवशी माइकपुढे त्या स्वतः उभ्या होत्या, निळ्या पातळात. गाणार होती दामिनीच. कॅसेटची वेष्टनं सीताबर्डीवरून आधीच छापून आणली होती आणि त्यांवर ‘स्वर : सौ. दामिनी’ असं ठसठशीत होतं. पण दामिनीचा घसा बसला. तिला हसताही येईना. हॉल मिळाला होता एकाच दिवसासाठी, म्हणून खाप्याहून सहज राहायला आलेल्या नणंदेला पुढे ढकलण्यात आलं आणि दामिनी रेकॉर्डिंगच्या मशीनपाशी बटणं दाबायला बसली. वेष्टनं काही बदलली नाहीत. छापलेला कागद वाया घालवणं त्या घराण्यात बसत नव्हतं.

तीन वर्षांनी दामिनी काविळीनं गेली. यमुताई चार दिवसांसाठी आल्या त्या राहिल्या. अस्मिता चार वर्षांची होती. तिनं दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी केशवरावांनी दुसरं काही सुचेना म्हणून ती कॅसेट लावली, आणि आठ वर्षांच्या उन्मेषनं वेष्टनावर बोट ठेवून बहिणीला वाचून दाखवलं : स्वर, सौ. दामिनी. “अस्मे, हे आईचं गाणं आहे.” अस्मितानं गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि मग वरण-भात खाल्ला. यमुताईंनी भावाकडे पाहिलं, भावानं ताटाकडे पाहिलं, आणि विषय तिथेच संपला.

*

प्रशिक आला तो लॅपटॉप आणि दोन स्पीकर घेऊन. अस्मिताही आपल्या घरून आली. ती नागपुरातच बँकेत होती आणि भावाच्या पुण्यावर तिचा राग होता. उन्मेषची बायको सुरुची हिनं सगळ्यांना चहा दिला. ती मूळची नाशिकची, त्यामुळे भांडणाच्या वेळी या घरातलं अर्धं बोलणं तिला समजत नाही, असा सगळ्यांचा समज होता. तिनं तो कधी दूर केला नव्हता.

केशवराव पंख्याखाली बसले होते. धंतोलीतल्या डॉक्टरनं दिलेलं कानाचं मशीन त्यांनी आज लावलं होतं. पंख्याकडे कान देऊन लाइनीची फ्रिक्वेन्सी सांगायची त्यांना नोकरीपासूनची सवय होती. पन्नास म्हणजे सगळं ठीक. पुढे ते माणसांचीही सांगू लागले होते. उन्मेष चिडला की “बावन्न”, आणि दुपारी स्वतःला पेंग आली की “अठ्ठेचाळीस”.

“काका, एक गोष्ट आहे,” प्रशिक म्हणाला. त्यानं पिशवीतून एक जुना माउथ ऑर्गन काढून टीपॉयवर ठेवला. “हा बाबांचा. पेटीत टेपच्या चाकासोबतच होता. पहिल्या गाण्यात त्यांनी हाच वाजवला आहे. मी सहज गाण्याच्या संगं वाजवून पाहिला तं जमेच ना. गिटारीच्या तारा चढवता-उतरवता येतात, याचे सूर तसेच राहतात. मग मी गाणं हळू करत गेलो. एका जागेवर दोघं बरोबर बसले.”

“म्हणजे?” उन्मेषनं विचारलं.

“म्हणजे कॅसेट आजपर्यंत जोरात पळत होती, दादा. खरं गाणं हळू आहे. अन् आवाज खालचा आहे.”

कढईत सोडायला यमुताईंनी हातावर वडा थापला होता. तो हातावरच राहिला. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यात नुसती चौकट होती, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येत होतं.

“बरोबर आहे त्याचं,” केशवराव म्हणाले. “त्या दिवशी फ्रिक्वेन्सी अठ्ठेचाळीसच्याही खाली होती. मशीन लाइनीवर चालायची. लाइन हळू तं मोटर हळू, मोटर हळू तं टेप हळू. मग तेच नीट लाइनीवर वाजवलं की गाणं पळते. कॅसेट भरणाऱ्याच्या मशीननं अजून बरंच पळवलं असन.”

“साऱ्या गावाला वीज देणाऱ्या कॉलनीत?” अस्मिता म्हणाली.

“गावाले देऊन जे उरे ते आमचं.”

“तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं, बाबा?” उन्मेष.

“मी शिफ्टवरूनच उतरून आलो होतो. मले नाही तं कोणाले माहीत असन?”

“मग बोलला का नाहीत?”

केशवरावांनी थोडा विचार केला. “गिटार फास्ट वाटून राहिली होती,” ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. विदर्भातला सर्वांत वेगवान गिटारवाला म्हणून केशवरावांची जी काही ख्याती होती, ती या एका वाक्यात त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून खाली ठेवली होती. पंखा फिरत राहिला.

“आज संध्याकाळपर्यंत मले बंगळुरूले पाठवायचं आहे,” प्रशिक म्हणाला. “जुन्या वेगाचं पाठवू का खऱ्या वेगाचं, तुम्ही सांगा. अन् शेवटच्या गाण्याच्या मागं थोडं बोलणं आहे टेपवर. कॅसेटीत ते कापलं होतं. ते ठेवायचं का काढायचं, तेही सांगा.”

शेवटचं वाक्य कोणीच ऐकलं नाही, कारण तोवर उन्मेष उभा राहिला होता. “विचारायचं काय त्यात? जुनंच पाठवायचं. तो माझ्या आईचा आवाज आहे. त्याच्याशी कोणी खेळायचं नाही.”

“खेळून कोण राहिलं?” अस्मिता म्हणाली. “आजपर्यंत चुकीचा ऐकला. आता बरोबर ऐकू.”

“चुकीचा? मी होतो तिथे. तू पाळण्यात होतीस.”

“मग तुले तं आठवायले पाहिजे हळू होतं का जोरात.”

“अस्मे, मले शिकवू नको हां.” पुस्तकातलं मराठी संपलं होतं. “अडतीस वर्षं मी ज्याले आई समजून ऐकून राहिलो ते तू एका दिवसात बदलवशील काय गा?”

“‘गा’ पोरांले म्हणते. मी बाई आहे.”

“बावन्न,” केशवराव म्हणाले. ते नेमकं कोणाबद्दल होतं ते कळलं नाही.

अस्मितानं शेवटी चौकटीकडे तोंड केलं. घरातल्या प्रत्येक भांडणात आत्या तिच्या बाजूची असायची. कॉमर्सला जायचं होतं तेव्हा, स्कूटर घ्यायची होती तेव्हा, आणि लग्न ठरत होतं तेव्हाही. “आत्या, तूच सांग वं. खरं पाठवायचं ना?”

यमुताई झारा हातात घेऊन चौकटीत आल्या. “जुनंच राहू दे,” त्या म्हणाल्या.

उन्मेषला इतकं आश्चर्य वाटलं की तो खाली बसला. आत्या आजवर त्याच्या बाजूनं कधी बोलली नव्हती, आणि आता बोलल्यावर पुढे काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. “मला वाटतं, खरं ऐकायला हवं,” असं सुरुची चहाचे कप उचलत म्हणाली, तेव्हा त्यानं आपला अर्धा भरलेला कपच तिच्या हातात देऊन टाकला.

*

अस्मिता पाठोपाठ स्वयंपाकघरात आली. “तू त्याच्याकडून काहून बोलली?”

“वडे जळून राहिले. सरक.”

“एकही जळून नाही राहिला. आत्या, इकडे पाह्य.” अस्मिताचा आवाज खाली आला होता, आणि यमुताईंना तिच्या आरडाओरड्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटायची. “मले आईचा चेहरा आठवत नाही. चेहरा म्हटलं की तो भिंतीवरचा फोटो आठवते. तिच्या हाताचं जेवण आठवत नाही, तिचा वास आठवत नाही. एक आवाज तेवढा आहे माझ्यापाशी. तो तरी बरोबर असू दे ना वं.”

यमुताईंना वाटलं, आत्ता इथे खाली बसावं आणि या पोरीला जवळ घेऊन सगळं सांगून टाकावं. तेवढंच वाटलं. त्यांनी वडा उलटला. अस्मिता बाहेर गेली.

सुरुची ओट्यापाशी खिरीत वेलदोडा घालत होती. ती बाहेर गेली नाही. पातेल्यावर झाकण ठेवून ती म्हणाली, “आत्या, तो आवाज तुमचा आहे ना?”

तेलात वडा फुगत होता. यमुताईंनी त्याच्यावर झाऱ्यानं तेल उडवलं.

“माझ्या बाळंतपणाला तुम्ही पुण्याला आला होतात,” सुरुची म्हणाली. “पहाटे बाळाला मांडीवर घेऊन तुम्ही गॅलरीत बसायचात आणि हेच गुणगुणायचात. मी आतून ऐकायचे. वेग वेगळा होता, पट्टी वेगळी होती, पण श्वास कुठे तोडायचा ते ज्याचं त्याचंच असतं. तीन वर्षं गाणं शिकलेय मी. एवढं कळतं.”

“म्हणजे पंधरा-सोळा वर्षं झाली तुले माहीत आहे.”

“हो.”

“अन् बोलली नाहीस कोणाले.”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

पुण्याच्या त्या गॅलरीत यमुताई मुद्दाम गायल्या होत्या. बाळ कोणाला सांगणार नव्हतं. या घरात मात्र त्यांनी गुणगुणणं कधीच सोडून दिलं होतं. उन्मेष दहा-अकरा वर्षांचा असताना एकदा त्या पोळ्या लाटत स्वतःशी म्हणत होत्या, आणि तो दारात येऊन उभा राहिला. “आत्या, तू आईसारखं काहून म्हणून राहिली? नको म्हणू. ते आईचं आहे.” पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी “बरं” म्हटलं. शाळेत कारकुनी केली, दोन मुलं वाढवली, शिपायापासून हेडमास्तरणीपर्यंत सगळ्यांशी तोंड सैल सोडून भांडल्या, पण गाणं म्हणाल तर त्या दिवसापासून या घरात ओठांवर आणलं नाही. त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. दर वर्षी एकदा, वडे तळताना, चांगलंच वाईट वाटायचं.

“तू कढईकडे पाह्य,” त्या सुरुचीला म्हणाल्या. “मी दादाशी बोलून येते.”

केशवराव गॅलरीत कावळ्याची वाट बघत उभे होते. यमुताईंनी दार मागे ओढून घेतलं आणि हळूच म्हटलं, “दादा, आता काय करायचं?”

“आँ?”

भांडण सुरू झालं तसं त्यांनी कानाचं मशीन काढून खिशात टाकलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा विषय निघत होता, आणि तो शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात काढायची यमुताईंची तयारी नव्हती. त्यांनी भावाच्या खिशातून मशीन काढलं आणि त्याच्या कानात बसवलं.

“म्हटलं, आता काय करायचं? पोरं ओळखतीन.”

“ओळखू दे,” केशवराव म्हणाले. कशाबद्दल, ते त्यांना विचारावं लागलं नाही.

“ओळखू दे काय? मग त्यांच्यापाशी काय राहीन?”

केशवरावांनी पानावरचा भात बोटानं सारखा केला. “अस्मी जेवली होती ना वं त्या दिवशी. मले वाटलं, आजच्या दिवस राहू दे. मग वाटलं, उद्याच्या दिवस. असं करता करता पोरांची लग्नं झाली. लग्नात कोणी असं सांगते का?” त्यांनी बोट पुसलं. “माझी आता अठ्ठेचाळीस झाली, यमे. कधी बंद पडीन सांगता येत नाही. मी गेलो की सांगायले तू एकटी राहशील, अन् तू तं सांगणार नाहीस. तुले मी ओळखतो.”

“नाहीच सांगणार.”

“तेच म्हणतो. तुझं गाणं नेलं आम्ही. मी नेलं. पोरांनी तं काय, छापलेलं वाचलं.”

यमुताईंना रडू आलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “पण त्यांची आई जाईन ना, दादा. एकदा गेलीच आहे.”

तेवढ्यात कठड्यावर कावळा येऊन बसला. त्यानं दोघांकडे पाहिलं, वड्याचा तुकडा उचलला आणि निघून गेला. केशवरावांनी दार उघडलं. “कावळा शिवला,” ते आत बघून म्हणाले. “प्रशिक, लाव बेटा. खऱ्या वेगाचं लाव. माझी गिटार आहे, मी सांगतो.”

*

उन्मेष ऐकणार नव्हता, पण उठूनही गेला नाही. तो स्पीकरच्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. अस्मिता खाली सतरंजीवर बसली. यमुताई या खेपेला स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. जावंसं वाटत होतं, पण चौकटीत सुरुची उभी होती आणि ती बाजूला होईना.

गिटार सुरू झाली. ती आता धावत नव्हती. पस्तिशीचा एक इंजिनिअर सांभाळून, एकेक सूर चाचपून, चूक होऊ नये अशा बेतानं वाजवत होता. एके ठिकाणी तो अडखळला. केशवराव मान हलवून म्हणाले, “हे मले माहीत होतं.” मग बळीरामचा सॅक्सोफोन आला, जाड, सावकाश, आणि प्रशिकनं लॅपटॉपवरची नजर काढून खिडकीबाहेर लावली.

मग ते गुणगुणणं आलं.

ते खाली उतरलं होतं. बारीकपणा गेला होता, घाई गेली होती. खालच्या सुरावर तो आवाज थोडा खरखरला आणि तिथेच नाकातून हळूच श्वास घेऊन पुढे गेला. या आवाजानं या घरातल्या दोन मुलांना रोज सकाळी शाळेसाठी हाका मारल्या होत्या, तापात कपाळावर पट्ट्या ठेवताना “होईन बरं” म्हटलं होतं आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजारणीला घेऊन घर डोक्यावर घेतलं होतं. तो ओळखायला गाणं शिकलेलं असण्याची गरज नव्हती.

अस्मितानं डोळे पुसले नाहीत. तिनं मान वळवून चौकटीकडे पाहिलं आणि ती बघतच राहिली. यमुताईंनी झारा पदराआड धरला. सापडल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. पण त्या गाण्यातली ती पोरगी बरी गात होती. हे त्यांना पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

“बंद कर,” उन्मेष म्हणाला.

प्रशिकनं केशवरावांकडे पाहिलं. केशवरावांनी नाही म्हणून हात हलवला.

“ही आई नाही. हे बंद कर म्हणतो ना.” उन्मेषचा आवाज फुटला होता. गाणं संपत आलं होतं, तरी तो पुढे वाकला आणि स्पीकरच्या मागची वायर त्यानं हातात धरली.

गाणं संपलं. टेपची खरखर तेवढी चालू राहिली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग स्पीकरमधून एक बसलेला, घोगरा, त्या खोलीत कोणाच्याही ओळखीचा नसलेला आवाज म्हणाला, “झालं का? दाबू का बटन?”

“थांब जराशीक,” तरुणपणचे केशवराव म्हणाले.

“यमे, चांगलं म्हटलं वं तू. माझा घसा बसला ते बरंच झालं.” ती खोकली. मग आवाज जरा दूर वळला. “उन्म्या. तारेले हात नको लावू. नको लावू म्हटलं ना, बेटा. सोड.”

उन्मेषनं वायर सोडली.

खट् झालं आणि टेप संपला.

उन्मेष भिंतीला टेकून खाली बसला. डोक्याला टक्कल पडलेला, पुण्याला फ्लॅट असलेला तो माणूस हात मांडीवर ठेवून बसला होता आणि त्याच्या तोंडावर अगदी पाच वर्षांच्या पोराचा भाव होता.

“परत लाव,” तो म्हणाला. “गाण्यानंतरचं.”

प्रशिकनं परत लावलं. मग अस्मितानं लावायला सांगितलं. मग पुन्हा उन्मेषनं. प्रत्येक खेपेला दामिनीनं विचारलं, झालं का, आणि प्रत्येक खेपेला उन्मेषला रागावली.

“असा होता आईचा आवाज?” अस्मितानं विचारलं.

“घसा बसला आहे,” केशवराव म्हणाले. “एरवी बरा होता.” आणि मग त्यांनी चष्मा काढला.

उन्मेषनं वर पाहिलं. “आत्या, तू सांगितलं काहून नाही?”

“तुम्ही जेवत नव्हते,” यमुताई म्हणाल्या. याहून मोठं उत्तर त्यांनी अनेक वर्षं मनात तयार ठेवलं होतं, पण ऐन वेळी तेवढंच आठवलं.

“मी तुले म्हणू नको म्हटलं होतं. पोळ्या करत होती तू.”

“लहान होतास.”

“आठवते मले ते. बाकी साडी, गजरा...” त्यानं हात हलवला. “तुले नंतर कधी म्हणताना ऐकलं नाही मी.”

अस्मिता उठली आणि यमुताईंच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. ती आत्यापेक्षा वीतभर उंच होती, त्यामुळे तिला बरंच वाकावं लागलं.

“वडे गार होऊन राहिले,” यमुताई म्हणाल्या. “पानं वाढा.”

“कशी वाढायची?” उन्मेष नाक पुसत म्हणाला. “आई आज नुसती बोलली. गाण्याशिवाय आपल्याकडे पानं वाढत नाहीत.”

“मग लाव तुझ्या फोनवर.”

“फोनवर नाही. तू म्हण.”

“मले नाही येत आता. एकोणसत्तर वर्षांची बाई मी, तोंडाले वास आहे तेलाचा.”

“आत्या, प्रशिक भुकेला आहे,” सुरुची म्हणाली.

प्रशिकला भूक लागली होती, हे खरं होतं. त्यानं मान डोलावली आणि बापाचा माउथ ऑर्गन उचलून एक सूर धरून ठेवला. यमुताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. झारा अजून हातातच होता. तो कुठे ठेवायचा ते सुचेना, म्हणून त्यांनी तो तसाच धरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिला सूर लागला नाही. दुसरा लागला. खालच्या सुरावर आवाज खरखरला, तिथे त्यांनी श्वास घेतला आणि त्या पुढे गेल्या. इतक्या वर्षांनंतर, आपल्या घरात, सगळ्यांसमोर.

वेग अर्थातच टेपपेक्षाही कमी होता. केशवरावांनी कानातलं मशीन बोटानं घट्ट बसवलं आणि पंख्याकडे द्यायचे तसा बहिणीकडे कान देऊन गाणं संपेपर्यंत ते ऐकत राहिले.

“पन्नास,” ते म्हणाले.

सुरुचीनं पानं वाढायला घेतली.